उसन्या आवाजाची सात वर्षे

अमेरिकेतला कंट्री गायक जॉर्ज जोन्स याची पहिली रेकॉर्ड मी सर्वांत शेवटी ऐकली. ह्यूस्टनला राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी गाडीच्या रेडिओवर त्याचे १९८० सालचे 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' लागले आणि गाणे संपेपर्यंत मी वाणसामानाच्या दुकानासमोर गाडी उभी करून तशीच बसून राहिले. तो आवाज दुःख सांगत नव्हता, दुःख आवरून धरण्याचे काम करीत होता आणि त्यात त्याला पुरते यश येत नव्हते. पुढची काही वर्षे मी त्या आवाजाचा माग काढत मागे मागे गेले. आधी सत्तरच्या दशकातल्या एपिक कंपनीच्या रेकॉर्ड झाल्या, मग साठच्या दशकातल्या म्युझिकॉरच्या आणि युनायटेड आर्टिस्ट्सच्या, आणि पन्नासच्या दशकाच्या उंबऱ्याशी मी थांबले, कारण त्यापलीकडचे जे काही हाती लागत होते ते इतके विस्कळीत होते की त्यातून माणूस उभा राहत नव्हता.

जुनी कंट्री गाणी अतिशय निगुतीने पुन्हा काढणारी 'बेअर फॅमिली' नावाची एक जर्मन कंपनी आहे. तिने जोन्सची १९५४ ते १९६१ या काळातली, स्टारडे आणि मर्क्युरी या दोन कंपन्यांसाठी गायलेली गाणी सहा सीडींच्या एका संचात आणली. तो संच घरी आला तेव्हा मी ठरवले की आवडते गाणे शोधत बसायचे नाही. सोबतच्या पुस्तकातल्या ध्वनिमुद्रणाच्या तारखा पाहायच्या आणि त्याच क्रमाने सगळे ऐकायचे. पहिले गाणे जानेवारी १९५४ चे, 'नो मनी इन धिस डील', त्याने स्वतः लिहिलेले. ते सुरू झाले आणि ज्या आवाजासाठी मी इतकी मागे आले होते तो त्यात नव्हताच. उंच पट्टीतला, नाकातून येणारा, घाईघाईने पुढे धावणारा बावीस वर्षांचा एक मुलगा तिथे हँक विल्यम्सच्या आवाजात गात होता.

त्या काळचा नामांकित कंट्री गायक हँक विल्यम्स त्या गाण्याच्या वर्षभर आधी, १ जानेवारी १९५३ रोजी वारला होता. जोन्स तेव्हा मरीन दलात, कॅलिफोर्नियात होता, आणि बातमी कळल्यावर आपण बराकीतल्या खाटेवर पडून रडलो असे त्याने पुढे सांगितले आहे. त्याही आधी, १९४९ मध्ये, टेक्ससमधल्या ब्यूमाँटच्या केआरआयसी या रेडिओ केंद्रावर हँक आला असताना त्याच्यामागे गिटार वाजवण्याची संधी या मुलाला मिळाली होती. गाणे पाठ होते, सूर ठाऊक होते, पण हँक प्रत्यक्ष समोर उभा राहिल्यावर जोन्स त्याच्याकडे पाहतच राहिला आणि त्याच्या हातून एकही सूर वाजला नाही. ही गोष्ट वाचल्यानंतर मला १९५४ चे ते गाणे निराळे ऐकू येऊ लागले. गेलेल्या माणसाचा आवाज आपल्या गळ्यात सांभाळून ठेवावा, तसे ते गाणे आहे.

ह्यूस्टनहून पूर्वेला निघाले की सुमारे १३५ किलोमीटरवर ब्यूमाँट लागते. तिथून उत्तरेकडे वळले की 'बिग थिकेट' नावाचे घनदाट रान सुरू होते, पाइनची उंच झाडे, मधूनमधून दलदल आणि कोकणातल्या श्रावणाची आठवण करून देणारी दमट, चिकट हवा. या रानाच्या कडेला साराटोगा नावाचे छोटेसे गाव आहे, आणि तिथे १२ सप्टेंबर १९३१ रोजी जोन्सचा जन्म झाला. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याच्या जन्माआधीच एक बहीण तापाने गेली होती, आणि त्या दुःखात वडील जे दारूकडे वळले ते वळलेच. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्यूमाँटच्या जहाजबांधणीच्या कामावर वडिलांना नोकरी मिळाली आणि कुटुंब शहरातल्या सरकारी वसाहतीत राहायला आले. वडील रात्री पिऊन घरी येत, झोपलेल्या मुलांना उठवत आणि गायला लावत. नकार दिला तर पट्ट्याचा मार बसत असे. हे जोन्सने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, आणि तेच वडील नऊ वर्षांच्या मुलाला त्याची पहिली गिटार घेऊन देतात, हेही त्यातच आहे. ती गिटार घेऊन तो ब्यूमाँटच्या रस्त्यावर गात असे आणि लोक नाणी टाकत.

आईची बाजू वेगळी होती. ती चर्चमध्ये पियानो वाजवायची. घरात रेडिओ आल्यावर शनिवारच्या रात्री नॅशव्हिलहून 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लागत असे, आणि मुलगा आईवडिलांच्या मध्ये अंथरुणात शिरून ऐकत पडायचा. झोप लागली तर रॉय एकफ किंवा बिल मन्रो गायला येताच मला उठव, असे तो आईला बजावून ठेवायचा. एका बापाने गाण्यासाठी झोपेतून उठवावे आणि त्याच मुलाने गाणे ऐकण्यासाठी आपल्याला उठवावे म्हणून आईला गळ घालावी, या दोन रात्री मी एकमेकींपासून वेगळ्या काढू शकत नाही. पुढच्या साठ वर्षांत त्याच्या पिण्याच्या ज्या कथा जगभर पसरल्या, गवत कापायच्या यंत्रावर बसून दारूच्या दुकानात गेल्याची ती प्रसिद्ध गोष्ट धरून, त्या इथे सांगण्याची मला गरज वाटत नाही. त्याच्या गाण्याबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही.

स्टारडे ही कंपनी कंट्री संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये नव्हे, ब्यूमाँटमध्ये जन्मली. जॅक स्टार्न्स आणि 'पॅपी' म्हणून ओळखले जाणारे हॅरल्ड डेली या दोघांच्या आडनावांतून ते नाव जुळवले होते. पहिले ध्वनिमुद्रण स्टार्न्स यांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत झाले. घर हमरस्त्यावर होते. आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकले होते, पण त्याने काही होत नसे. मोठे ट्रक गेले की गाणे थांबवावे लागे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, असे जोन्सनेच म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितले, आणि त्या रेकॉर्डचा आवाज भयंकर होता असेही. मला तो भयंकर वाटत नाही. त्यात एका लहान खोलीचा आकार ऐकू येतो, फिडल वाजवणारा आणि गाणारा एकमेकांपासून किती हातांवर उभे आहेत हे समजते, आणि ट्रकच्या भीतीने सगळे थोड्या घाईत आहेत असा भासही होतो.

त्या पहिल्या दिवसाची एक आख्यायिका आहे आणि जोन्सवरच्या बहुतेक लेखांत ती येते. जोन्स त्या काळच्या नामांकित कंट्री गायकांसारखा बराच वेळ गात राहिला, आणि शेवटी डेली त्याला म्हणाले की तू रॉय एकफसारखा गायलास, लेफ्टी फ्रिझेलसारखा गायलास, हँक विल्यम्ससारखा गायलास. आता जॉर्ज जोन्ससारखे गाता येते का ते पाहू. गोष्ट छान आहे. तिच्यात एक प्रश्न आहे, एक कोरा क्षण आहे, आणि त्या क्षणानंतर कलावंताला स्वतःचा आवाज सापडला असे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. पण तारखांच्या क्रमाने ती गाणी ऐकली की ही समजूत टिकत नाही. डेली यांनी तो प्रश्न विचारला असेल, मात्र त्याचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही, त्या वर्षीही मिळाले नाही. १९५४ मध्ये हँक आहे, १९५५ मध्ये हँक आहे आणि लेफ्टी डोकावू लागला आहे, १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीची सावली पडली आहे. उत्तर यायला सहासात वर्षे लागली, आणि ते कोणत्या गाण्यात आले यावरही एकमत होणार नाही.

मी लहानपणी चिपळूणला ज्या बाईंकडे गाणे शिकत होते, त्यांनी मला चार वर्षे स्वतःचे काही करू दिले नाही. त्या गात आणि मी मागून गायचे, श्वास त्या घेतील तिथे घ्यायचा, सूर त्या सोडतील तिथे सोडायचा. "आधी नक्कल तर नीट करून दाखव," एवढेच त्या म्हणायच्या. माझे शिक्षण पुढे सुटले, परंतु नक्कल हा शब्द हिणवण्यासाठी वापरलेला ऐकला की आजही मला त्या खोलीतली तंबोऱ्याची जोडी आठवते. जोन्सजवळ गुरू नव्हते. त्याच्याजवळ रेडिओ होता आणि दारूच्या गुत्त्यांतला ज्यूकबॉक्स होता, म्हणून त्याने तालीम तिथून घेतली, आणि ती तालीम रेकॉर्डवर उतरत गेली. आपल्याकडे शिष्याची रियाजाची वर्षे चार भिंतींत राहतात. त्याची बाजारात विकली गेली.

ज्या गुत्त्यांमुळे या संगीताला हाँकी-टाँक हे नाव पडले त्यांचाही या आवाजावर हक्क आहे. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि टेक्ससच्या तेलाच्या पट्ट्यात, कामगारांच्या हाती पगार खुळखुळत असताना, रस्तोरस्ती असले अड्डे निघाले. तिथे नाच, भांडणे आणि बाटल्यांचा आवाज यांच्यावर गाणे चढवावे लागे. अर्नेस्ट टब याने १९४१ मध्ये विजेवरची गिटार घेतली तीसुद्धा ज्यूकबॉक्सवाल्यांच्या तक्रारीमुळे, की गर्दी झाली की तुमच्या रेकॉर्ड ऐकू येत नाहीत. असल्या ठिकाणी गाणाऱ्याला आवाज फेकावा लागतो, आणि स्टारडेच्या सुरुवातीच्या गाण्यांत जोन्स आवाज फेकतोच आहे. छोट्या बैठकीच्या खोलीत माइकसमोर उभा असूनही तो गुत्त्याच्या पलीकडच्या भिंतीला उद्देशून गातो. माइक जवळ आहे आणि त्याच्या कानात कुजबुजले तरी चालते, हे त्याला कळायला वेळ लागला.

त्याची पहिली एलपी 'ग्रँड ओल ऑप्रीज न्यू स्टार' ही स्टारडेचीही पहिलीच एलपी, क्रमांक १०१. त्याला १९५६ मध्ये ऑप्रीत प्रवेश मिळाला होता आणि लहानपणी आईने ज्या कार्यक्रमासाठी झोपेतून उठवावे अशी त्याची मागणी असे, त्याचेच नाव आता त्याच्या मुखपृष्ठावर होते. तरीही आज आपण अल्बम म्हणतो तसा हा अल्बम नव्हता. एकेकट्या निघालेल्या आणि बऱ्यावाईट खपलेल्या रेकॉर्डमधली चौदा गाणी एका मोठ्या तबकडीवर आणली होती, एवढेच. १९५७ मध्ये स्टारडे मर्क्युरीला जोडली गेली, पुढच्याच वर्षी दोघी विभक्त झाल्या, जोन्स डेलींबरोबर मर्क्युरीत राहिला आणि जुन्या मुद्रणांचे हक्क स्टारडेकडे गेले. मग स्टारडेने तीच गाणी निरनिराळी नावे आणि निरनिराळी मुखपृष्ठे देऊन पुन्हा पुन्हा विकली. म्हणजे या गाण्यांचे पुनर्प्रकाशन ती पुरती जुनी होण्याच्या आधीच सुरू झाले होते. साठच्या दशकात स्टीरिओची हौस आली तेव्हा अनेक कंपन्यांनी आपल्या जुन्या एकमार्गी (मोनो) मुद्रणांचे बारीक सूर एका बाजूला आणि खर्ज दुसऱ्या बाजूला ढकलून, वर कृत्रिम घुमारा चढवून त्यांना स्टीरिओ म्हणून विकले. असा घुमारा स्टार्न्स यांच्या त्या लहान खोलीवर चढला की खोली नाहीशी होते आणि मुलगा कुठेच उभा राहत नाही.

पुढे कायद्याने आणखी एक दार उघडले. युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क ५० वर्षांनी संपत असत; २०११ च्या निर्णयाने ती मुदत ७० वर्षांची झाली, पण जे आधीच मुक्त झाले होते ते मुक्तच राहिले. त्यामुळे १९६२ पर्यंतची सगळी गाणी तिथे कोणालाही छापता येतात, आणि चार जुन्या एलपी दोन सीडींवर बसवलेल्या स्वस्त आवृत्त्या ढिगाने निघतात. मी सुरुवातीला त्याच घेतल्या होत्या. त्यांचे ऋण मी नाकारत नाही. कोणाही विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत त्या मिळतात. मात्र बऱ्याचदा त्यांत गाणे कोणत्या वर्षीचे, कुठे मुद्रित झाले, मागे कोण वाजवत आहे यांतले काहीच नसते. १९५४ चे गाणे १९५९ च्या गाण्याशेजारी बसते आणि ऐकणाऱ्याला वाटते की एकाच माणसाला कधी गाता येत होते आणि कधी येत नव्हते. क्रम गेला की शिकण्याची गोष्टच निघून जाते. माझ्या लेखी पुनर्प्रकाशनाचे खरे काम तारखा परत मिळवून देणे हे आहे. आवाज स्वच्छ करणे त्यानंतर येते.

मात्र सगळे परत आणायचे म्हटले की एक अवघड प्रश्न समोर येतो. १९५६ मध्ये रॉक-अँड-रोलची लाट आली आणि कंट्री गायकांचे हाल होऊ लागले तेव्हा जोन्सने 'थंपर जोन्स' या नावाने तशी दोन गाणी केली, आणि 'हँक स्मिथ' या आणखी एका टोपणनावानेही तो गायला. या गाण्यांची त्याला इतकी लाज वाटत होती की त्यांवर आपले नाव नको, म्हणूनच ते खोटे नाव. ती लाज त्याने पुढेही लपवली नाही. आज तीच गाणी त्याच्या नावाच्या संचात, इतरांच्या बरोबरीने मानाने बसली आहेत. जिवंत माणसाने विसरावे असे म्हटलेले काम त्याच्या मागे उकरून काढावे का, याचा मी पुष्कळ विचार केला. माझे मत असे झाले की ती ठेवावीत, पण त्यांचा उत्सव करू नये. त्या गाण्यांत तो ओरडतो, उचक्या देतो, दुसऱ्याचे कपडे घालून नाचतो, आणि तरी मधूनच एखादा सूर खालून वर घसरत नेताना तो स्वतःला विसरतो. त्या एका सुरासाठी मी ती दोन गाणी पुन्हा ऐकली आहेत. त्याला हे आवडले नसते, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटते.

कंट्री गाण्यांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारे त्याचे पहिले गाणे 'व्हाइट लाइटनिंग'. ते लिहिणारा जे. पी. रिचर्डसन, म्हणजे 'बिग बॉपर', हाही ब्यूमाँटचाच, तिथल्या केटीआरएम रेडिओवर निवेदक होता. ३ फेब्रुवारी १९५९ च्या ज्या विमान अपघातात बडी हॉली आणि रिची व्हॅलेन्स हे रॉक-अँड-रोल गायक गेले त्यात रिचर्डसनही गेला, आणि हे गाणे त्यानंतर सहा दिवसांनी बाजारात आले. मुद्रणाच्या वेळी जोन्स प्यायलेला होता. ऐंशीच्या आसपास वेळा गाणे पुन्हा म्हणावे लागले, बास वाजवणाऱ्या बडी किलनच्या बोटांना फोड आले, आणि एवढे करून जी फेरी निवडली गेली तिच्यातही एका शब्दावर जोन्सची जीभ अडखळते. ती अडखळण गाण्यात तशीच राहिली, लोकांना आवडली, आणि पुढे आयुष्यभर मंचावर तो त्या शब्दावर मुद्दाम अडखळत राहिला. तो कोणाचीही नक्कल करू शकत होता हे आपण पाहिलेच. इथे त्याने पहिल्यांदा स्वतःची नक्कल केली, तीही स्वतःच्या चुकीची.

परंतु मला ज्या आवाजाची ओढ होती तो या धावत्या गाण्यांत नव्हता, संथ गाण्यांत होता. १९५८ च्या 'कलर ऑफ द ब्लूज' मध्ये तो पहिल्यांदा स्पष्ट कानावर येतो. लेफ्टी फ्रिझेल एका शब्दाची पाच अक्षरे करतो आणि ते आपण त्याच्याकडून घेतले, असे जोन्स मोकळेपणाने सांगत असे. आपल्या भाषेत सांगायचे तर लेफ्टीची मींड लांब आणि आळसावलेली आहे. तो स्वरावरून स्वरावर उन्हात चालल्यासारखा जातो. जोन्सने ती मींड घेतली आणि तिच्यात अडथळे घातले. स्वर वर निघतो, मध्येच दातांशी अडतो, खालच्या पट्टीत जवळजवळ पुटपुटण्याइतका उतरतो आणि तिथून एका बारीक मुरकीने सुटतो. हँकचा उंच हुंदका अजून आहे, पण तो आता घशाच्या आत आहे.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये, 'द विंडो अप अबव्ह' आले. बाहेरगावचे कार्यक्रम करून तो सकाळी आठच्या सुमारास घरी पोचला होता, न्याहारी तयार होईपर्यंत गिटार घेऊन बसला आणि वीसएक मिनिटांत त्याने ते लिहून काढले. वरच्या खिडकीतून नवरा बायकोला परक्या पुरुषाबरोबर पाहतो, एवढाच विषय. १९५४ चा मुलगा हे गाणे पलीकडच्या भिंतीपर्यंत फेकून मोकळा झाला असता. आता तो दात मिटून, जवळच्या माणसाला सांगावे तसे सांगतो, कारण पाहिलेले मोठ्याने म्हटले तर ते खरे होईल. ते संपल्यावर मी संच बंद केला आणि त्या संध्याकाळी दुसरे काही ऐकले नाही. ज्या आवाजासमोर मी गाडी थांबवून बसले होते तो हाच होता, फक्त वीस वर्षांनी तरुण.

माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, ह्यूस्टनच्या ब्रॉक स्ट्रीटवर, पूर्वी गोल्ड स्टार नावाचा स्टुडिओ होता. बिल क्विन या माणसाने तो उभा केला, आणि वेगळ्या नावाने तो पुढेही चालत राहिला. स्टार्न्स यांची बैठक सोडल्यावर जोन्सची पुष्कळशी स्टारडेची गाणी इथे झाली, आणि त्यांतच १९५५ च्या ऑगस्टमधले 'व्हाय बेबी व्हाय' होते, त्याचे पहिले गाजलेले गाणे, जे यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. ते दोघांनी म्हणायचे ठरले होते. जोडीला सनी बर्न्स हा गायक येणार होता, पण तो त्या दिवशी आलाच नाही. तेव्हा क्विन यांनी जोन्सचा एक आवाज मुद्रित करून घेतला आणि त्यावर त्याच्याकडूनच दुसरा आवाज गाऊन घेतला.

हे ठाऊक झाल्यापासून मी ते गाणे दोनदा ऐकते. एकदा नेहमीसारखे, पुढचा आवाज ऐकत, ज्यात हँक अजून पुरता मुक्कामाला आहे. मग पुन्हा पहिल्यापासून, फक्त मागच्या आवाजाकडे कान देऊन. त्याला कोणासारखे गायचे नाही, कारण त्याला पुढे यायचेच नाही. न आलेल्या मित्राची जागा भरून काढत तो समोरच्या गायकाचा श्वास कुठे संपतो हे पाहतो, तिथे हलकेच सूर धरतो आणि त्याला सांभाळून घेत शेवटापर्यंत नेतो.